बद्रीनाथांच्या पोटातलं कलम

नाक मुरडू नका, मित्रांनो! मी एक जुनं आतडं आहे हे खरं, पण माझेच भाऊबंद या घडीला तुमच्या पोटात बसून सकाळच्या भाकरीशी झटापट करताहेत. घरच्या माणसाला नावं ठेवू नयेत. आजवर पडक्या विहिरींनी, फाटक्या छत्र्यांनी, बंद पडलेल्या रेडिओंनी तुम्हाला आपापल्या कहाण्या सांगितल्या. पोटातल्या कुणी तोंड उघडलं नव्हतं. आज मी उघडतोय, कारण माझ्यासारखी नोकरी फार थोड्यांच्या नशिबी येते. जवळजवळ सगळं आयुष्य मी अन्न वाहिलं आणि आता मी लघवीची पिशवी आहे. हसा, हसा! आमचे मालकसुद्धा पहिल्यांदा ऐकून हसलेच होते.

मालक म्हणजे बद्रीनाथ. आष्टीच्या अलीकडे त्यांची मोसंबीची बाग आहे. बाग बापाने लावलेली, पण नावारूपाला आणली ती यांनी. जंबुरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपावर मोसंबीचा डोळा बांधावा तर बद्रीनाथांनी, असं पंचक्रोशीत म्हणतात. जंबुरीच्या सालीला चाकूने चीर द्यायची, चांगल्या झाडाचा एक डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, तिच्यात अलगद सरकवायचा, वरून पट्टी आवळायची, की झालं कलम. मुळं एकाची, फळं दुसऱ्याची. बद्रीनाथांनी बांधलेला डोळा सहसा वाळत नाही.

मी त्यांच्यासोबतच जन्मलो. लहान आतड्याच्या लांबलचक गुंडाळीतला हातभर आणि वर चार बोटं एवढा माझा तुकडा. ज्वारीची भाकरी, लसणाचा ठेचा, लग्नाच्या पंगतीतली बुंदी, जे पुढे येईल ते पुढे ढकलायचं, त्यातलं सत्त्व शोषून रक्ताला द्यायचं आणि अन्न अडू नये म्हणून अंगचा चिकट बुळबुळीत रस सोडत राहायचं, हे माझं काम. ते मी इमानाने केलं. कौतुक कधी झालं नाही. पोटभर जेवून ढेकर दिला की मालक बायकोच्या, द्वारकाबाईंच्या, हाताचं नाव घ्यायचे, आमचं नाही. पोटात कळ आली की मात्र लगेच आमचा उद्धार! असो. जगाची रीतच आहे ती.

माझ्या खालच्या अंगाला जुनी पिशवी राहायची, म्हणजे मालकांचं जन्मजात मूत्राशय. स्वभावाने शांत, गरीब गाय. तिच्याकडे एक गुण होता, जो माझ्याकडे आजही नाही. ती भरत आली की वर डोक्याला निरोप धाडायची, "आता उठा बरं." मालक बांधाकडे वळायचे. इतकं सोपं होतं ते, आणि म्हणूनच कुणाच्या ध्यानात येत नव्हतं.

मालकांना बिडीची सवय. बागेत एक, पारावर एक, जेवण झालं की एक. ओढायचं तोंड आणि भोगायची ती बिचारी. धुरातलं विष छातीतून रक्तात, रक्तातून गाळून लघवीत, आणि लघवी तासन्‌तास तिच्यात साठलेली. वर्षानुवर्षं ती त्या विषात बसून होती. एक दिवस तिच्यातून रक्त आलं.

बांधावर मालकांनी पाहिलं, लघवी लालभडक. दुखत काहीच नव्हतं. "उन्हाळी लागली असंल," म्हणजे अंगातल्या उष्णतेनं झालं असेल, असं स्वतःशीच म्हणून ते धन्या-जिऱ्याचं पाणी प्यायले. दोन दिवसांत लाल जायचं थांबलं आणि मालक खूश झाले. महिन्याने पुन्हा तेच. पुन्हा धने-जिरे. घरात कुणाला पत्ता नाही. एकदा न्हाणीतल्या पांढऱ्या फरशीवर द्वारकाबाईंना लाल ओघळ दिसला आणि त्या कमरेला पदर खोचून उभ्या राहिल्या.

"हे काय हाय?"

"काय न्हाई. गरमी. दुखत तर बिलकुल न्हाई, मंग कामून दवाखाना?"

"दुखत न्हाई म्हणूनच मला भ्या वाटून राह्यलं," द्वारकाबाई म्हणाल्या. "दुखलं असतं तर तुमीच पळत गेल्ते. उद्या जालन्याला जायचं."

जालन्याहून त्यांना संभाजीनगरला पाठवलं. आत दुर्बीण घालून बघितलं. जुन्या पिशवीच्या भिंतीत गाठ होती, कॅन्सरची, आणि ती भिंतीत खोलवर उतरली होती. आधी सलाईनमधून औषधं चढली, मालकांचे केस गेले, तोंडाची चव गेली. मग ऑपरेशन करणाऱ्या तृप्तीमॅडमनी तिघांना, मालकांना, द्वारकाबाईंना आणि धाकट्या लेकीला, शालूला, समोर बसवून सांगितलं की पिशवी काढावीच लागेल.

"मंग लघवी?" मालकांनी विचारलं.

मॅडमनी दोन वाटा सांगितल्या. एक, पोटावर छोटं तोंड काढून बाहेर पिशवी लावायची. पुष्कळ माणसं तसं मजेत जगतात. दुसरी, तुमच्याच आतड्याचा तुकडा घेऊन आत नवी पिशवी शिवायची आणि खाली जुन्याच वाटेला जोडायची. ही वाट सगळ्यांना चालत नाही, पण तुम्हाला चालेल. मेहनत मात्र तुमची.

मालक हसले ते तेव्हा. "आतड्याची पिशवी? अन् ते जिवंत राहतंय?"

"राहतं. त्याच्याकडे येणारी रक्ताची वाट आम्ही तोडत नाही."

मालकांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "म्हंजे डोळा बांधायचंच काम हाय की, मॅडम! एकाचं दुसऱ्याला लावायचं."

"तसंच म्हणा. फक्त ह्या कलमाला पुढे जन्मभर शिकवत राहावं लागतं."

"शिकवू. पण एक सांगतो." मालकांनी शालूकडे बघितलं. "हिची सोयरीक जमली हाय. तिचं कन्यादान मला पाटावर बसून करायचं हाय. चारचौघांत, पांढऱ्या धोतरात. कोरडं राहून. तेवढं झालं पाहिजे."

"सांगू तसं वागलात तर होईल," मॅडम म्हणाल्या.

मित्रांनो, पोटात बसून मी सगळं ऐकत होतो. छाती असती तर फुगली असती! आजवर मला कुणी विचारलं नव्हतं, आणि आता एका बापाची अब्रू माझ्यावर टाकली गेली होती.

ऑपरेशनच्या दिवशी मला माझ्या भावांपासून तोडलं. खोटं कशाला बोलू, रडू आलं. पण मागे उरलेल्या दोन टोकांना मॅडमनी लगेच एकमेकांशी जोडून दिलं आणि भावांचा संसार पहिल्यासारखा चालू झाला. मग त्यांनी मला उभा चिरला. मी म्हणालो, मेलो! तर नाही. नळी ती नळी, तिला पुढे ढकलायचीच खोड. तसाच ठेवला असता तर मी लघवीलाही भाकरी समजून दिवसभर ढकलत बसलो असतो. म्हणून मला उलगडून पसरवलं, दुमडलं आणि गोल शिवलं. वरून दोन्ही मूत्रपिंडांच्या नळ्या माझ्यात आणून सोडल्या आणि खाली मला जुन्या वाटेला टाचलं. माझ्या शेजारणीला, जुन्या पिशवीला, तेव्हा बाहेर नेत होते. तिला नीट निरोपही देता आला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

नवी नोकरी लागली, पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ना! माझ्या दोन खोडी होत्या. पहिली, शोषायची. लघवीत टाकून दिलेलंही मी थोडं थोडं परत रक्तात ढकलायचो. दुसरी, चिकट रस सोडायची. अन्न नाही, भाकरी नाही, तरी माझा रस चालूच. लघवीत त्याचे पांढरे धागे दिसायचे आणि मालकांना किळस यायची.

तिथे साक्षीसिस्टर होत्या, भोकरदनकडच्या. बोलण्यात खट आणि हाताने हलक्या. त्यांनी द्वारकाबाईंना नळी कशी घालायची, मिठाचं पाणी पिचकारीने आत सोडून साचलेला रस कसा धुऊन काढायचा, ते दाखवलं आणि त्यांच्याच हातून करून घेतलं. मालकांना पुढ्यात बसवून म्हणाल्या, "काका, आता कळ येणार न्हाई. ती निरोप देणारी गेली. आता घड्याळ सांगंल तवा उठायचं, लागली असो नसो. बसायचं, अंग ढिलं सोडायचं, पोटानं हलकं जोर द्यायचं. अन् पाणी! तांब्या कायम उशाला. पाणी कमी पडलं की तो रस घट्ट होतो अन् तोंड बुजवतो. हे विसरलात तर मी तिथं येऊन बोलीन, बघा."

"न्हाई विसरणार, सिस्टर," मालक म्हणाले.

सुरुवातीचे महिने वाईट गेले. मी लहान होतो, घट्ट होतो, चटकन भरायचो आणि खालचं दार ढिलं पडलेलं. मालक उठले की गळायचं, शिंकले की गळायचं. ते पारावर जाईनात. बिडी सुटली होती, बोलणंही सुटलं. बागेत एका कडेला बसून राहायचे. पण बसल्या बसल्या सिस्टरने शिकवलेला खालचे स्नायू आवळायचा व्यायाम मात्र चुकवायचे नाहीत. झाड वाढवणाऱ्या माणसाच्या अंगी धीर असतो. हळूहळू मी सैल झालो, मोठा झालो, दार घट्ट झालं. मोबाईलचा गजर वाजायचा, मालक उठायचे, आणि दिवस कोरडा जायचा. तपासणीला गेल्यावर तृप्तीमॅडमनी पोटावर हात ठेवून म्हटलं, "बद्रीनाथ, कलम लागलं बरं का!" आयुष्यातलं पहिलं कौतुक, मित्रांनो. परतीच्या एसटीत मालक खिडकीत बसून शीळ घालत होते.

शालूचं लग्न डिसेंबरात धरलं. दारातच मांडव घालायचा ठरलं. बागेला तेव्हा ताण दिलेला होता. ताण म्हणजे काय, ते मोसंबीवाल्यांच्या पोरांना विचारा. बहार धरायचा असला की झाडांचं पाणी मुद्दाम तोडतात. झाड सुकतं, पानं गाळतं, घाबरतं, आणि मग पाणी सोडलं की फुलांनी लगडतं. मालक त्यात उस्ताद. किती ताण द्यायचा ते माती मुठीत दाबून सांगायचे.

लग्नाच्या थोडं आधी दोन्ही घरं मिळून बस्ता बांधायला, म्हणजे लग्नाचे कपडे घ्यायला, जालन्याला गेली. दुकानात व्याही रामराव काहीतरी बोलले आणि सगळे खो खो हसले. मालकही हसले, पोट धरून हसले, आणि तेवढ्यात थोडंसं गळलं. पायजम्यावर रुपयाएवढा डाग. कुणी पाहिला नाही. मालकांनी पाहिला. घरी येईपर्यंत त्यांनी कापडाची पिशवी मांडीवर धरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी ते बागेत गेले. वाकून माती उचलली, मुठीत दाबली, सोडली. कोरडा भुगा. समाधानाने मान हलवली. मग त्यांचा दुसरा हात सावकाश पोटावर आला, बरोबर माझ्यावर.

"तुलाबी ताण द्यावा लागंल गड्या," ते म्हणाले. "पाणीच न्हाई तर गळशील काय?"

अरे देवा! मी मोठ्याने ओरडलो असतो, पण मला घसा कुठला? साठ वर्षं झाडांनी त्यांना जे शिकवलं, तेच ते माझ्यावर लावत होते. प्रेमाने लावत होते, हीच पंचाईत.

तांब्या उशालाच राहिला, पण भरलेलाच. द्वारकाबाईंना वाटे, पिऊन पुन्हा भरलाय. हळदीच्या दिवशी तर मालकांना आयतंच निमित्त मिळालं. आमच्याकडे लेकीचं कन्यादान होईपर्यंत आई-बाप उपास धरतात. द्वारकाबाईंनी धरला तो पाणी-चहा घेऊन. मालकांनी जाहीर केलं, "माझा निर्जळी." मांडवातल्या बायाबापड्या हरखल्या. साळूबाई नावाच्या नात्यातल्या म्हातारीने तर बोटं मोडून त्यांची दृष्ट काढली. "बाप असावा तर असा!" म्हणाली.

आणि आत माझी काय दशा! वरून लघवी येत होती ती थेंब थेंब, पिवळीजर्द, घट्ट. माझा रस मात्र चालू. पाणी नसल्याने तो धुऊन जाईना, गोळा होत होत खालच्या दाराशी येऊन बसला. शोषायची खोडही चालूच होती, त्यामुळे टाकाऊ ते मी परत रक्तात देत होतो. मालकांना गरगरायला लागलं, तोंड कोरडं पडलं. ते समजले, लग्नाची दगदग. गळत नव्हतं ना! ताण लागू पडला म्हणून ते मनातून खूश होते.

लग्नाच्या दिवशी नवरदेव कल्याण मारुतीच्या पारावर आला. तिथून मांडवापर्यंतचं अंतर चार पावलांचं, पण डीजे लागला आणि वऱ्हाडातली पोरं नाचायला लागली. मुहूर्त टळून गेला. त्याची कुणाला चिंता नव्हती, कधीच नसते. मालक न्हाणीत गेले. बसले, जोर दिला. काही नाही. पुन्हा गेले. दोन थेंब. मी टम्म भरलो होतो आणि दाराला बोळा बसला होता. कळ माझ्याकडे नाही, पण पोट दगडासारखं झालं आणि मालकांच्या कपाळावर घाम आला. माझ्या शिवणी ओढल्या जात होत्या. मी फुटलो असतो, मित्रांनो. मी फुटलो असतो तर त्या मांडवात कन्यादान झालं नसतं, दुसरंच काही झालं असतं. तेव्हा मी भ्यालो.

मालक तिसऱ्यांदा बाहेर आले, तेव्हा द्वारकाबाई दारातच उभ्या होत्या. अंगावर नवं लुगडं, कपाळभर कुंकू.

"काय झालं?"

"काय न्हाई. तू जाय मांडवात."

"तेव्हा फरशीवर लाल दिसलं तवा बी 'काय न्हाई'च म्हणले होते. पाणी कधी पिले तुमी?"

मालकांनी मान खाली घातली. "ताण दिल्ता," ते पुटपुटले. "म्हणलं धोतर कोरडं राहील."

द्वारकाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. क्षणभरच. मग त्यांनी खोलीचं दार आतून लावलं, खुंटीवरची दवाखान्याची पिशवी काढली आणि साक्षीसिस्टरना फोन लावला. बाहेर डीजे दणाणत होता.

"सिस्टर, यांची लघवी अडली हाय. पोट टाईट झालं."

"पाणी बंद केलं होतं ना?" सिस्टरने एका शब्दात ओळखलं. "मावशी, घाबरू नका. हात धुवा. तुमी इथं केलं होतं तसंच करायचं. नळी घाला, मिठाचं पाणी हळू सोडा, हळूच ओढा. जोर करायचा न्हाई. जरा वेळात मोकळं न्हाई झालं तर लग्न तसंच सोडून गाडी काढा. अन् मोकळं झालं तरी उद्या रक्त तपासायला इकडं यायचं. फोन चालू ठेवा."

द्वारकाबाईंचे हात हिरव्या चुड्याने भरले होते. त्यांनी चुडा कोपरापर्यंत सारला, हात साबणाने धुतले, नळीला जेली लावली. पण नळी पुढे न्यायचा धीर होईना. "द्वारके," मालक म्हणाले, "तू डोळा बांधून राह्यली अशी समज." त्या रडता रडता हसल्या आणि त्यांनी नळी पुढे सरकवली.

नळी माझ्या दाराशी आली. बोळ्याला अडली. मिठाचं कोमट पाणी आत शिरलं, बोळ्याभोवती फिरलं. पुन्हा थोडं. पुन्हा. मीही आतून होतं नव्हतं तेवढं अंग सैल सोडलं. आणि मग तो बोळा तुटला! तुकड्या तुकड्यांनी पिचकारीत आला आणि मागून साचलेलं सगळं धो धो वाहिलं. बादलीत पडणारा तो आवाज मला सनईहून गोड लागला. मालकांनी भिंतीला डोकं टेकवून डोळे मिटले.

"झालं का मोकळं?" फोनमधून आवाज आला.

"झालं गं माय! झालं."

"काकांना द्या." मालकांनी फोन कानाला लावला. "काका, झाडाला ताण दिला तर फूल येतं. ह्याला ताण दिला तर खडा येतो, नाहीतर जीव जातो. आत्ताच्या आत्ता तांब्याभर पाणी प्या, माझ्या कानाशी. मला घोटाचा आवाज आला पाहिजे."

"सिस्टर, उपास हाय माझा. कन्यादानाचा."

"अन् कन्यादानाला बाप नको का?"

मालकांनी तांब्या उचलला आणि घटाघटा रिकामा केला. एवढं गोड पाणी माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं.

अक्षता पडल्या. आता कन्यादान. मालक आणि द्वारकाबाई पाटावर बसले, समोर शालू आणि कल्याण. बापाच्या ओंजळीखाली जावयाची ओंजळ. द्वारकाबाईंनी धार सोडायला झारी उचलली. गुरुजींनी मंत्राला सुरुवात केली. आणि मालकांच्या बंडीच्या खिशातला मोबाईल ठणाणा वाजला.

गजर. प्यायलेलं पाणी माझ्यापर्यंत येऊन पोचलं होतं. आज आधीच एकदा फुटायच्या बेतात आलो होतो मी, लगेच मोकळं व्हायला हवं होतं. पण मांडव भरलेला. मालकांची ओंजळ थबकली. त्यांनी शालूकडे पाहिलं, पांढऱ्या धोतराकडे पाहिलं. मला कळेना ते काय करतील. ते बसून राहिले असते तर मी जीव तोडून धरून ठेवलं असतं, एवढं मी मनाशी ठरवलं होतं.

मालक पाटावरून उठले.

मांडवात कुजबूज झाली. साळूबाई म्हणाली, "अगं बाई, पाटावरून उठू नये!" व्याही रामराव पुढे झाले. "व्याही, कुठं निघाले? काय चुकलं का आमचं?"

"तुमचं काय चुकलं न्हाई," मालक म्हणाले, आणि आवाज इतका मोठा काढला की मागच्या रांगेलाही ऐकू जावा. "मला कॅन्सर झाल्ता. पिशवी काढून टाकली माझी. आतड्याची नवी शिवली हाय, तिला घड्याळानं पाणी सोडावं लागतं. आता टाईम झाला. पाच मिनिटं थांबा."

गुरुजी चाचरत म्हणाले, "पण मुहूर्त..."

"मारुतीपुढं पोरं नाचत होते तवा मुहूर्त कुणाला आठवला न्हाई, महाराज," द्वारकाबाई झारी हातातच धरून म्हणाल्या. "त्यांच्यासाठी थांबलो, तर बापासाठी बी थांबू."

पहिली हसली ती शालू, मुंडावळ्या सावरत. मग कल्याण हसला, मग सगळा मांडव. "जा अप्पा, सावकाश या," शालू म्हणाली. मालक गेले, बसले, अंग ढिलं सोडलं, आणि मी माझं काम चोख केलं. परत येऊन त्यांनी ओंजळ धरली. द्वारकाबाईंनी धार सोडली. लेकीचं दान झालं. मालकांचे डोळे वाहत होते आणि धोतर खडखडीत कोरडं होतं!

पाठवणीच्या गडबडीत रामराव मालकांना हाताला धरून मोसंबीच्या बांधाकडे घेऊन गेले. खिशातून बिडी काढली, पेटवली नाही. इकडे तिकडे बघितलं.

"व्याही, मघाशी तुमी सगळ्यायसमोर बोलले म्हणून इचारतो. मला बी दिवाळीपासून लाल होऊन राह्यली. दोनदा झाली. घरी कुणाला बोललो न्हाई. दुखत काय न्हाई, मंग म्हणलं..."

"उन्हाळी असंल," मालकांनी वाक्य पुरं केलं.

रामरावांनी मान हलवली. मालकांनी त्यांच्या हातातली बिडी घेतली, चुरगळली आणि कोरड्या मातीत टाकली. "उद्या मला रक्त तपासायला जायचंच हाय. तुमी बी चला. माझ्या गाडीत."

ते गेले. रामरावांची गाठ निघाली, पण लहान. वरवरची. दुर्बिणीतूनच खरवडून काढली. त्यांची जन्माची पिशवी त्यांच्याकडेच राहिली. आता तपासणीला दोघे व्याही एकाच गाडीतून जातात आणि वाटेत एका तांब्यातलं पाणी पितात.

मित्रांनो, मी आतडं. मला तुमच्यासारखं शहाणपण शिकवता येत नाही. पण घरात आजोबा, बाबा, मामा, कुणी "दुखत न्हाई, मंग कशाला" असं म्हणालं, तर त्यांचं ऐकू नका. हट्ट करा, पाय आपटा, पण दवाखान्यात न्या. शरमेपायी गप्प बसलेलं माणूस मी आतून बघितलंय, आणि भर मांडवात उठून बोललेलंही आतूनच बघितलंय. दुसरं जास्त देखणं दिसतं.

यंदा बागेचा ताण मालकांनी वेळेवर तोडला. पाटात पहिलं पाणी सोडलं तेव्हा एका हातात फावडं होतं आणि दुसऱ्या हातात तांब्या. आता झाडं फुलांनी लगडली आहेत, सगळं शिवार घमघमतंय म्हणे. मला वास कळत नाही. पण मालक छाती भरून श्वास घेतात, तेव्हा मी थोडा वर उचलला जातो. त्यावरून समजतं.

झालं, गजर वाजला. मालक उठले. मला कामाला लागलं पाहिजे.